मालिनीच्या कानाची खरेदी

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार

रिटायर होऊन वर्ष झालं. वर्षभरात लिहून ठेवावं असं काही घडलं नाही, म्हणून डायरी कोरीच राहिली. आता घरात खरेदी निघाली आहे आणि खरेदी म्हटलं की माझ्या अंगात येतं. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं पर्चेसमध्ये काढली. पहिल्या भावाला कधी हो म्हटलं नाही. तीन कोटेशनं मागवायची, ज्याचा माल उत्तम त्याच्याकडून सॅम्पल घेऊन तपासायचं, आणि ऑर्डर द्यायची जो सगळ्यात स्वस्त त्याला. साहेब म्हणायचे, दिनानाथ, तू सप्लायरची चामडी काढशील आणि वर त्यालाच विकशील.

खरेदी आहे हिच्या कानाच्या मशीनची. नऊ वर्षांपासून हिला कमी ऐकू येतं. माझी स्वतःची काही तक्रार नाही, दोनदा ओरडलं की काम होतं. पण काल स्वप्नाली आली होती अंबरनाथहून. सातवा महिना आहे. म्हणाली, "बाबा, बाळंतपणाला इथे बदलापूरलाच येईन. पण जुलैत मला कामावर जावंच लागेल. बाळ आईकडे ठेवायचंय मला, सासूबाईंच्या गुडघ्यांनी ते व्हायचं नाही. फक्त आईला ऐकू यायला हवं. बाळ आतल्या खोलीत रडतंय आणि आई बाहेर भाजी निवडतेय, असं झालं तर मला पाळणाघर बघावं लागेल." असं म्हणून अठरा हजार रुपये माझ्या हातात ठेवले, स्वतःच्या पगारातले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कानाची मशीनं विकणारा कोणी मिलिंद म्हणून आहे, त्याच्याकडेच जा म्हणाली.

ही लेकीच्या तोंडाकडे बघत होती. काय समजायचं ते समजली आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली. अजून ऑर्डर नाही, डिलिव्हरी नाही, आणि हिचं रडणं सुरू.

७ फेब्रुवारी, शनिवार

कॅम्प चारला जाऊन आलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. शेजारी जीन्सला बटणं ठोकायचा कारखाना, त्याची दिवसभर ठकठक. हा मिलिंद तिशीतला असेल. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी डिप्लोमाचं सर्टिफिकेट. त्याने चहा मागवला. हिने घेतला. मी घेतला नाही, मला दुपारचा चहा सोसत नाही.

कोपऱ्यात गोदरेजच्या कपाटाएवढी केबिन आहे, आतून जाड कापड लावलेली. हिला त्यात बसवलं, कानांवर हेडफोन, आवाज आला की हात वर करायचा. काचेतून दिसत होतं. शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून हात वर करत होती. एकदा आवाज नसतानाही केला. तो म्हणाला, "काकू, घाई नाही. चुकलं तरी चालतं." हिला ते काय ऐकू येणार, पण हसली.

मग त्याने आलेख काढून मला समजावला. "उजवा कान जवळजवळ गेलाय, काका. डावा चांगला आहे. डाव्यावर सगळा संसार चालेल, फक्त त्याला जपायचं." मशीन डाव्या कानाला लावलं, वायरने कॉम्प्युटरला जोडलं, बराच वेळ खालीवर करत बसला. मग हिच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाला, "काकू, नाव काय तुमचं?"

ही वळली. "मालिनी," म्हणाली. मला घसा फोडावा लागतो आणि ह्याच्या पुटपुटण्याला ही वळते. मग म्हणाली, "बाहेर काहीतरी ठोकतायत का हो?" तो म्हणाला बटणं ठोकतायत. ही आपली बटणं ऐकत बसली, जशी काही कोणी मैफल लावली आहे.

कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. त्यावरून कानाच्या मापाचं बोंडूक बनतं, त्यालाही हे लोक साचाच म्हणतात. त्याचे पैसे वेगळे, मशीन घ्या अगर नका घेऊ. मशीन अठरा हजार. शेवटचा भाव विचारला तर साडेसोळा म्हणाला, वर वर्षभर सेटिंग फुकट. मी म्हटलं, बघू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

साचा तयार झाला. तीन दिवस मशीन घरी न्या, वापरून बघा, म्हणाला. डिपॉझिट? नको. सही? नको. "काकूंना बरं वाटलं तर घ्या, नाही तर परत आणा." मी मनात म्हटलं, हा कसला धंदा करणार!

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून हिने भंडावून सोडलं. नळ किती आवाज करतो, पंखा किती आवाज करतो, बांगड्या वाजतायत, शेजारच्या बनूबाईची सून सासूला उलट बोलते. जेवताना माझ्याकडे बघून म्हणते, "अहो, तुम्ही केवढे मचमच करता!" करतो तर करतो. लग्नाच्या तिसाव्या वर्षी सांगतेय.

स्वप्नालीला स्वतः फोन लावला. अर्धा तास बोलली. नऊ वर्षांत हिने फोन हातात धरला नव्हता, बिल कोण भरणार याचा पत्ता नाही. फोन ठेवून म्हणाली, "पोरीचा आवाज जाड झालाय हो. माझ्या डोक्यात लग्नाआधीचाच होता."

संध्याकाळी गावाहून भावाचा, किसनचा फोन. चौकशी केली. मी नेहमीसारखाच म्हणालो, "माझं बरं आहे रे, बहिरीचंच चाललंय. भंगारात घालण्यापेक्षा रिपेर करून बघतोय." किसन खो खो हसला. ही आत भाकऱ्या थापत होती. मधे थापण्याचा आवाज थांबल्यासारखा वाटला, मग परत सुरू झाला. रात्री जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापूंनी दिलेला कॉम्प्युटर आज कामाला आला. एका वेबसाइटवर हुबेहूब तसंच मशीन सापडलं. तोच घाट, तोच बदामी रंग. सहा हजार नऊशे, घरपोच, सहा महिने वॉरंटी. आणि ताकद मिलिंदच्या मशीनच्या दीडपट! कमी पैशात जास्त माल. साहेब असते तर पाठ थोपटली असती.

खरं लिहायचं तर थोडं मनात आलं. त्या पोराने आपल्यापायी दोन दुपारी घालवल्या. पण सॅम्पल दिलं म्हणून ऑर्डर द्यायलाच हवी असं कुठल्या शास्त्रात आहे? आमच्या कंपनीत नमुन्याच्या बाटल्यांनी एक खोली भरली होती. ज्यांच्या बाटल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांना आम्ही कधी ऑर्डर दिली नाही. कोणी रडत आलं नाही. दुकान मांडून बसलास तर लोक हात लावून बघणारच.

उरलेल्या पैशांचं स्वप्नालीला आत्ताच सांगत नाही. बाळंतपणाचा खर्च माझ्याच अंगावर पडणार आहे, त्यात ते आपोआप जिरतील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन परत केलं. दुकानात शिरल्याबरोबर पहिल्यांदा हिच्या कानातलं काढून घेतलं आणि मग बोलायला सुरुवात केली. ऐकत असती तर मधे तोंड घातलं असतं.

म्हटलं, "हिला सहन होत नाही. डोकं दुखतं म्हणते." मिलिंदला खरं वाटेना. हिच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काकू, त्रास झाला का?" हिला वाटलं काही चांगलंच विचारतोय. तोंडभर हसून म्हणाली, "हो हो! खूप!" मला हसू आवरेना.

त्याने बोंडूक काढून मशीन पुसलं आणि डबीत ठेवलं. हिने हात पुढे केला. पुसून परत देतोय असं वाटलं असणार. तसाच हात धरून बसली, शेवटी मी दंडाला धरून उठवलं. साचा मागून घेतला, तो आमच्या पैशाचा. आलेखाची प्रतही घेतली, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आहे म्हणून. बिचाऱ्याने पिशवीत घालून दिली. वर म्हणाला, "काकूंचा डावा कान जपा."

रिक्षात ही पुन्हा पुन्हा कानाला हात लावून माझ्याकडे बघत होती. खुणेने सांगितलं, नवीन येतंय.

६ मार्च, शुक्रवार

डीडी पाठवला होता, आज पार्सल आलं. माल दिसायला फर्स्ट क्लास. मिलिंदचा साचा त्याला बरोबर बसला. कानात घातलं तर शिट्टीच मारायला लागलं. आवाजाचं चाक जरा फिरवलं तर शिट्टी थांबली, पण ही ओरडली, टोचतंय म्हणून. कुकर झाला तर कान धरून खालीच बसली.

"अहो, हे ते नाही," म्हणाली. मी म्हटलं, तेच आहे, रंग बघ. कागदावर लिहून दिलं, तेच आहे. तिने वाचलं आणि मशीनकडे बघत राहिली.

स्वप्नालीला फोन करून सांगितलं, मशीन घेतलं. कुठून ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२८ मार्च, शनिवार

तीन आठवडे तेच रडगाणं. करकर येते, शब्द येत नाहीत, माणसं डब्यातून बोलल्यासारखी बोलतात. शेवटी सेटिंगचे पैसे देऊन टाकू म्हणून एकटाच मशीन घेऊन कॅम्प चारला गेलो.

मिलिंदने हातात घेतलं. "काका, हे कुठलं?"

"नातेवाइकांनी भेट दिलंय."

त्याने साचा उलटून बघितला. "हा तर मी बनवलाय." मग हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "सरळ बोला ना काका, नेटवरून घेतलं. तुम्ही काही पहिले नाही. लोक येतात, केबिनमध्ये तासभर बसतात, माझं मशीन घरी नेऊन लावतात, आणि मग घेतात तिकडून. वर सेटिंगला परत माझ्याकडे! मला काय सरकारने बसवलंय इथे?"

मी म्हटलं, "आवाज चढवू नकोस. सेटिंगचे किती घेणार ते बोल."

त्याने मशीन तपासायच्या यंत्राला लावून बघितलं आणि एकदम गंभीर झाला. "काका, भांडण राहू दे. हे कानात घालू नका. ज्यांचं सगळंच गेलंय त्यांच्यासाठी आहे हे. काकूंचा डावा कान आहे अजून. ह्याने तोही जाईल, सांगून ठेवतो." मग कपाटातून ती जुनी डबी काढली, हिने ट्रायलला नेलेलीच. "हे घेऊन जा. पैसे जमतील तसे द्या. पण ते बंद करा."

सव्वीस वर्षांत ऑर्डर हुकलेला एकही सप्लायर असा भेटला नाही, ज्याने दुसऱ्याचा माल धोक्याचा आहे म्हणून सांगितलं नाही. ॲसिड विकणाऱ्यापासून झाडू विकणाऱ्यापर्यंत सगळे हेच बोलतात. मी डबी परत सरकवली. ह्या वेळी त्याने चहा विचारला नाही.

घरी येऊन दुपारचा चहा घेतला. हिला सांगितलं, त्याने तपासलं, उत्तम आहे, सवय कर.

२१ एप्रिल, मंगळवार

नातू झाला! स्वप्नाली सुखरूप. ही दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन डावा कान त्याच्या तोंडाशी नेत होती. मशीनने तेवढ्यात शिट्टी मारली आणि बाळ दचकलं. नर्स ओरडली. हिने घाईघाईने मशीन काढून पदराला बांधलं.

९ मे, शनिवार

घरात बाळंतीण आहे, त्यामुळे माझ्या पेपरची आणि चहाची वेळ पार बिघडली आहे. पण एक चांगलं झालं. हिने मशीनची कुरकुर बंद केली. आता आपण होऊन चाक शेवटपर्यंत फिरवते आणि दिवसभर लावून बसते. काढ म्हटलं तरी काढत नाही. बाळ रडलं की धावते. खरं म्हणजे बाळाच्या तोंडाकडेच टक लावून बसलेली असते, स्वयंपाक करतानासुद्धा दारातून मान वाकडी करून बघते.

आज स्वप्नालीने परीक्षा घेतली. मागे उभी राहून टाळी वाजवली. ही वळली. "आली का गं ऐकू?" म्हणून स्वप्नालीने गळ्यात पडून पापे घेतले. ही म्हणाली, "आता जा तू बिनघोर कामावर." मी मात्र बघितलं की समोरच्या कपाटाला आरसा आहे. बोललो नाही. घरात आनंद असला की बोलू नये.

हिच्या उशीच्या अभ्र्याला पिवळे डाग पडतायत. कान वाहतोय. मोरीत जाऊन मशीन काढते आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहते. मी बघितलं तेव्हा हात जोडून म्हणाली, "स्वप्नालीला सांगू नका हो. ती बाळ ठेवणार नाही." शहाणी आहे. गरम तेलाचे दोन थेंब घालायला सांगितले.

१४ जून, रविवार

स्वप्नाली अंबरनाथला सासरी गेली. घर मोकळं झालं. ही दिवसभर बाळाचे लंगोट, झबली धुऊन घड्या घालते आणि पुन्हा उलगडते. डोक्यात सारखी पिठाची गिरणी चालते म्हणाली. मशीन लावलं तरी गिरणी, काढलं तरी गिरणी. वय झालंय, दुसरं काय. मला मात्र आता मालाबद्दल शंका येऊ लागली आहे. चाक शेवटाला असूनही मी तीनतीनदा ओरडतो. वॉरंटी सप्टेंबरपर्यंत आहे. तक्रार करायची तर पुरावा पक्का हवा, नाही तर कंपन्या दाद देत नाहीत.

६ जुलै, सोमवार

आजपासून स्वप्नाली कामावर रुजू झाली. सकाळी बाळाला सोडून गेली. जाताना हिला दहादा सांगितलं, हिने दहादा मान हलवली.

बाळ दूध पिऊन आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं. ही पुढच्या गॅलरीत त्याचे लंगोट वाळत घालत होती. बाळ झोपलंय म्हणून स्वतःशीच अंगाई म्हणत होती, सूर पार सुटलेला. मशीन कानात, चाक शेवटाला. मी बघून ठेवलं होतं. थोड्या वेळाने बाळ रडायला लागलं. मी पेपर वाचत होतो, मधल्या खोलीत, दोघांच्या बरोबर मधे. सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ह्याहून चांगली टेस्ट पुन्हा मिळणार नाही. माल प्रत्यक्ष वापरात नापास. घड्याळ बघून पेपरच्या कडेला वेळ टिपली आणि गप्प बसलो.

बाळ आधी जोरात रडलं, मग घोगरं, मग उचक्या द्यायला लागलं. हिची अंगाई चालूच. मला काही बरं वाटत नव्हतं, पण टेस्ट अर्धी सोडली तर तिचा उपयोग काय? तेवढ्यात शेजारची बनूबाई हाताला पीठ तशीच दारातून आत घुसली. मूळची सोनिवलीची बाई, तोंडाला लगाम नाही. "काय वो भाऊ, पोर रडून रडून लालेलाल झालं, ना तुमी पेपर वाचीत बसलाव?"

मी म्हटलं, "बनूबाई, ह्यातलं तुम्हाला कळायचं नाही."

"मना नाय कलाचं? अवं मानूस हाव का कोन तुमी!" असं म्हणत तिने बाळाला उचललं. गॅलरीतून ही आत आली ती हसत, बनूबाईला म्हणाली, "उठला का? किती शहाणा आहे बघ, उठला तरी रडला नाही." बनूबाईने हिच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि ती स्वतःच रडायला लागली. मग ही बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा श्वास अजून हुंदके देत होता. हिने हात लावून बघितला.

सगळं तारखेवार लिहून वेबसाइटला तक्रार टाकली.

७ जुलै, मंगळवार

बनूबाईने स्वप्नालीला एकूण एक सांगितलं. स्वप्नालीने आज रजा टाकली आणि आईला घेऊन थेट मिलिंदकडे गेली, तुझं मशीन खराब आहे म्हणून भांडायला. तिथे तिला कळलं की मशीन त्याचं नाहीच. त्याने पुन्हा केबिनमध्ये बसवून तपासलं, पैसे घेतले नाहीत म्हणे. दुपारी आल्यावर दोन आलेख माझ्यापुढे टाकले. फेब्रुवारीचा आणि आजचा. डाव्या कानाची रेघ खाली येऊन उजव्याच्या रेघेला जाऊन मिळाली होती.

"बाबा, मार्चमध्ये त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

"तो विकणारा माणूस. तो असंच सांगणार."

"मशीन देत होता. पैसे नंतर द्या म्हणाला होता. खरं का?"

"उधारीवर खरेदी मी आयुष्यात केली नाही."

"पैसे मी दिले होते, बाबा! तुमचे कुठे मागितले होते?" आवाज एवढा चढवला की खाली वॉचमनने मान वर केली. मग एकदम हळू म्हणाली, "काल तुम्ही इथे बसून ऐकत होता?"

मी टेस्टचं समजावून सांगायला लागलो. तिने पुढे ऐकून घेतलं नाही. बाळाचं सामान गोळा करायला लागली. अंबरनाथला तिच्या ऑफिसजवळ पाळणाघर आहे, उद्यापासून तिथे. हिला कोणी काही सांगितलं नाही तरी ही मदतीला लागली. झबली, लंगोट, पावडर, सगळं नीट पिशवीत भरून दिलं आणि दारात विचारलं, "संध्याकाळी आणतेस ना?" स्वप्नालीने मान हलवली. जिना उतरताना तिचं रडणं मला वरपर्यंत ऐकू येत होतं. ही दारात उभी राहून हात हलवत होती.

१९ जुलै, रविवार

स्वप्नाली माझा फोन घेत नाही. जावईबापू घेतात, मीटिंगमध्ये आहे म्हणतात. रविवारी कसली मीटिंग?

हिला स्वप्नालीने सगळं लिहून कळवलं असणार. बनूबाईकडे चिठ्ठी दिली होती, ती हिने वाचली आणि देवाच्या पाटाखाली ठेवली. मला काही बोलली नाही. वेळेवर वाढते, वेळेवर उठते. चांगली भांडली असती तर मीही चार गोष्टी सांगितल्या असत्या. मशीन काढून ठेवलं आहे. मीच डबीत भरलं, परत पाठवायचं तर बोंडूक सोडून सगळं लागतं.

खरं सांगायचं तर घरात फार शांत वाटतं. नऊ वर्षं मी ओरडत होतो तेव्हा निदान "काय?" असं तरी यायचं.

११ ऑगस्ट, मंगळवार

जिंकलो! वेबसाइटचा चेक आला. पूर्ण रक्कम, कुरियरच्या खर्चासकट. सात ईमेल, दोन रजिस्टर पत्रं आणि ग्राहक मंचाची धमकी. त्यांच्या साहेबाने लिहिलं आहे की एवढी तपशीलवार तक्रार त्यांच्याकडे आजवर आली नव्हती. म्हणजे ह्या सगळ्या व्यवहारात आपला एक रुपया गेला नाही. गेला तो फक्त साच्याचा.

चेक हिच्यापुढे धरला. खाली कागदावर लिहिलं, सगळे पैसे परत. हिने दोन्ही वाचलं. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. आता तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "अहो, बाळ रडतं कसं?"

मी हाताने विचारलं, म्हणजे?

"आवाज कसा आहे त्याचा? बारीक आहे की भरलेला? स्वप्नाली तान्ही असताना किरकिरायची, आधी बारीक आणि मग एकदम टाहो. तसा आहे का? मला त्या मशीनमधून नुसती करकर यायची. तुम्ही ऐकलाय ना. त्या दिवशी तर बराच वेळ बसून ऐकलाय."

कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी लिहिलं, सगळ्या बाळांसारखाच. तिने वाचून कागद परत दिला. "नीट आठवून लिहा," म्हणाली.

आठवायला बसलो. कधी सुरू झालं आणि कधी थांबलं ते मिनिटासकट पाठ आहे, तक्रारीत लिहिलं होतं. आवाज कसा होता ते काही केल्या आठवत नाही. स्वप्नालीला फोन लावला, निदान पोराचा आवाज तरी ऐकवेल म्हणून. तिने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट केला.

कागदावर पुढे काही लिहिलेलं नाही. ही समोर पाटावर बसली आहे, माझ्या हाताकडे बघत. मी हे डायरीत लिहितोय, पण तिला वाटतंय मी तिच्यासाठीच लिहितोय.